धाप लागली की आधी श्वास सोडा

धाप लागलेल्या माणसाला आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "मोठा श्वास घ्या, खोल श्वास घ्या." सांगण्यामागे माया असते, पण सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या एका जुनाट आजाराच्या, रुग्णाला हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. त्याची मुख्य अडचण हवा आत घेण्याची नसते, आतली हवा बाहेर काढण्याची असते. ही एक गोष्ट नीट समजली तर ताई ची, योगासनं, खुर्चीत बसून करायच्या हालचाली आणि ओठांची साधी फुंकर यांचा उपयोग का होतो, आणि कपालभातीचा धडाका याच माणसाला धोक्याचा का ठरू शकतो, हे समजायला वेळ लागत नाही. म्हणून आधी छातीच्या आत काय चालतं ते पाहू.

हवा अडकते कशी

सीओपीडी हा फुप्फुसांचा कायमचा, हळूहळू वाढत जाणारा आजार. बिडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण आहेच, पण आपल्याकडे आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेलेही असंख्य रुग्ण आहेत. लहानपणापासून चुलीपुढे बसून, ओलं सरपण आणि गोवऱ्या फुंकणीने पेटवत स्वयंपाक केलेल्या बायका त्यांत मोठ्या संख्येने येतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच ठळकपणे मांडलं : धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी हा जगाने दुर्लक्षिलेला आजार आहे. जुना टीबी, खडीच्या क्रशरची आणि कारखान्यांची धूळ, शहरातला धूर यांचाही त्यात वाटा आहे. २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५.५ कोटी लोकांना हा आजार होता.

निरोगी छातीत श्वास घ्यायला मेहनत लागते, सोडायला जवळपास लागत नाही. छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात आणि हवा आत येते. स्नायू सैल पडले की ताणलेली फुप्फुसं आपल्या लवचिकपणानेच आकसतात आणि हवा बाहेर जाते. सीओपीडीत हा लवचिकपणाच हरवतो. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती झिजतात. बारीक श्वासनळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवण्याचं काम याच भिंती करत असतात, त्यामुळे तो आधारही जातो. नळ्यांच्या आत सूज आणि कफ असतोच. मग श्वास सोडताना या नळ्या मिटायला लागतात आणि हवा अडखळत, सावकाश बाहेर पडते.

सावकाश का होईना, वेळ मिळाला तर ती पडेल. पण वेळच मिळत नाही. शांत बसलेला माणूस मिनिटाला १५ श्वास घेत असेल तर एका श्वासाच्या वाट्याला ४ सेकंद येतात. जिना चढताना तोच मिनिटाला ३० श्वास घेऊ लागला की २ सेकंद उरतात, आणि त्यातला सोडण्याचा भाग जेमतेम सेकंदभराचा. तेवढ्यात आतली हवा निघत नाही आणि पुढचा श्वास येऊन ठेपतो. फलाटावर लोकल लागली आणि उतरणारे उतरायच्या आत चढणाऱ्यांनी मुसंडी मारली की डब्यात काय होतं, ते मुंबईकराला सांगायला नको. सीओपीडीच्या छातीत प्रत्येक श्वासागणिक तेच होतं. आत आधीच ठासून भरलेलं असताना "मोठा श्वास घ्या" म्हणणं म्हणजे आणखी माणसं चढवणं.

फुगलेल्या छातीत श्वासपटलाची तर फारच कुचंबणा होते. एरवी घुमटासारखा असणारा हा स्नायू खाली दाबला जाऊन सपाट होतो, आणि सपाट झालेल्या स्नायूला खाली सरकायला जागाच राहत नाही. मग मानेचे, खांद्यांचे, छातीचे वरचे स्नायू मदतीला धावतात. बोलताना ज्यांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात, खांदे कानांकडे चढलेले दिसतात, त्यांच्या शरीराने हीच तडजोड केलेली असते. ते स्नायू दिवसभर श्वास ओढण्यासाठी बनलेले नाहीत. ते थकतात.

पाय आणि भीती

धाप लागते म्हणून माणूस चालणं कमी करतो. आधी बाजार बंद, मग देवळापर्यंत जाणं बंद, मग जिना नको म्हणून घरातच. घरचेही प्रेमाने म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही करतो." काही महिन्यांत मांड्यांचे स्नायू रोडावतात. असे दुबळे पाय थोड्याशा चालण्यानेही लवकर थकतात, रक्तात आम्ल वाढवतात, आणि ते आम्ल बाहेर टाकायला शरीर आणखी जोरात श्वास मागतं. म्हणजे फुप्फुसं होती तशीच राहिली तरी धाप वाढते. अनेक रुग्ण चालताना थांबतात ते छातीमुळे नाही, तर पाय भरून आल्यामुळे. ही वाईट बातमी वाटेल, पण मला ती आशेची वाटते. झिजलेले वायुकोश परत येत नाहीत, मांडीचा स्नायू मात्र सत्तरीतही परत कमावता येतो.

दुसरी गोष्ट भीतीची. धापेचे दोन पदर असतात. श्वास किती जड झाला आहे हा एक, आणि त्या जडपणाने जीव किती घाबरा झाला हा दुसरा. दोन्ही एकच वाटतात, पण मेंदू ते वेगवेगळे हाताळतो. एकदा रात्री बाथरूममध्ये जीव गुदमरला की पुढच्या वेळी दाराची कडी लावतानाच छातीत धडधड सुरू होते. धडधड झाली की श्वास भराभर होतो, भराभर झाला की वर सांगितलेली हवा अडकते, आणि भीती खरी ठरते. या आजारात चिंता आणि नैराश्य खूप आढळतं. त्याला "मनाचे खेळ" म्हणून बाजूला सारणं हा रुग्णावर अन्याय आहे. श्वास कोंडल्यावर घाबरणं हे शरीराचं सगळ्यात जुनं, सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

आता उपाय कसा असायला हवा ते ठरवता येईल. पायांना काम मिळालं पाहिजे, पण श्वास इतका वाढता कामा नये की हवा साचेल. सोडण्याचा वेळ लांबला पाहिजे. आणि थोडीशी धाप लागली तरी काही वाईट होत नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा, सुरक्षितपणे आला पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत फुप्फुस पुनर्वसनाचे वर्ग असतात, ते हेच करतात : ट्रेडमिल, सायकल, हलकी वजनं, श्वासाचं शिक्षण, आठवड्यातून दोन-तीनदा, ६ ते १२ आठवडे. सीओपीडीत पंपाच्या (इनहेलरच्या) जोडीला याच उपायाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. तुमच्या जवळ असा वर्ग असेल तर आधी तिथे जा. पण बहुतेक तालुक्यांत तो नाही, आणि ज्याला रिक्षा-स्टँडपर्यंत चालवत नाही त्याला दुसऱ्या शहरातल्या ट्रेडमिलचा काय उपयोग? संथ व्यायामाचं मोल इथे कळतं.

ओठांची फुंकर

सगळ्याच्या मुळाशी एक कृती आहे. नाकाने बेताचा श्वास घ्या, मनात दोन अंक मोजून. मग ओठ जवळ आणून त्यांच्या फटीतून हलकी फुंकर घालत सोडा, चार अंक मोजून. गाल फुगवायचे नाहीत, पोट आवळायचं नाही, शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही.

ओठ अर्धवट मिटल्याने बाहेर जाणाऱ्या हवेला थोडा अडथळा होतो आणि नळ्यांच्या आत थोडा दाब टिकून राहतो. तो दाब मिटू पाहणाऱ्या नळ्यांना आतून उघडं धरतो. शिवाय श्वासाची गती आपोआप उतरते, म्हणजे सोडायला वेळ मिळतो. कित्येक जुने रुग्ण कोणी न शिकवताच असं फुंकत असतात. त्यांच्या शरीराने तो शोध स्वतःच लावलेला असतो.

फुंकर बसून शिकायची, पण वापरायची कष्टाच्या क्षणी. खुर्चीतून उठताना फुंकर. बादली उचलताना फुंकर. जिन्यावर आधी उभं राहून श्वास घ्या, मग फुंकर घालत एक किंवा दोन पायऱ्या चढा, थांबा, पुन्हा श्वास घ्या. जोर लावायचा तेव्हा श्वास बाहेर, हा नियम अंगवळणी पडला की घरातली निम्मी कामं हलकी होतात. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, जोर लावताना श्वास रोखून धरतात आणि मग गुदमरतात.

इथे एक सावधगिरी. "पोटाने श्वास घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. सौम्य आजारात तो चालून जातो. पण छाती खूप फुगलेली असेल आणि श्वासपटल सपाट झालेलं असेल, तर मुद्दाम पोट फुगवण्याने मेहनत आणि धाप दोन्ही वाढू शकतात. करून पाहा, सोपं वाटलं तर ठेवा, जड वाटलं तर सोडून द्या. हट्ट नको.

चीनच्या बागेतला व्यायाम

ताई ची ही मुळात चिनी युद्धकला, आता चीनच्या बागांमधून सकाळी म्हातारी माणसं करतात ती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार सरकतो, गुडघे किंचित वाकलेले, हात पाण्यातून फिरवल्यागत छातीच्या पातळीवर फिरतात, आणि एक हालचाल कुठे संपून दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, यात कसला व्यायाम? पण वाकलेल्या गुडघ्यांवर सावकाश भार तोलणं हे मांड्यांचं खरं काम आहे. वेग नसल्यामुळे श्वास उसळत नाही, मात्र पाय चांगलेच कामाला लागतात. वर सांगितलेल्या तिन्ही गरजा एकाच वेळी भागतात, म्हणून संशोधकांचं लक्ष तिकडे गेलं.

सिडनीतल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी सुन पद्धतीची ताई ची वापरून पाहिली. सुन लुतांग यांनी घडवलेल्या या पद्धतीत उभं राहणं बरंच ताठ असतं, गुडघे फार वाकवावे लागत नाहीत, म्हणून वयस्कांना ती सोसते. आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ताई ची करणारे रुग्ण ठराविक वेगाने चालण्याच्या चाचणीत, न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सहा मिनिटांहून जास्त वेळ टिकले. व्यायामाची तीव्रताही मोजली गेली, ती मध्यम प्रतीची भरली. म्हणजे दिसायला संथ, शरीराला मात्र पुरेसा.

२०१८ मध्ये चीनमधला १२० रुग्णांचा अभ्यास आला. लंडनचे मायकेल पोल्की आणि चीनचे नामवंत श्वसनतज्ज्ञ झोंग नानशान त्यात होते. श्वासनळी रुंद करणारं औषध सगळ्यांना दिलं. निम्म्यांना नेहमीचं पुनर्वसन, निम्म्यांना ताई ची. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखी होती. वर्ग थांबल्यावर आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ताई चीचा गट थोडा पुढे होता. मला या दुसऱ्या निकालाचं जास्त अप्रूप वाटतं. यंत्रावरचा व्यायाम यंत्राबरोबर संपतो. जे अंगणात, कपडे न बदलता, साधनांशिवाय करता येतं ते टिकण्याची शक्यता जास्त.

असे अभ्यास लहान असतात, आणि आपण कोणता व्यायाम करतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे निकाल थोडे फुगू शकतात. फुप्फुसांच्या फुंकायच्या चाचणीतला आकडा यातून फारसा हलत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. हलतं ते चालण्याचं अंतर, धापेची भीती आणि दिवसभरात करता येणाऱ्या कामांची यादी. सहा मिनिटांत साधारण ३० मीटर जास्त चालता येणं, हा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो असं डॉक्टर मानतात. ३० मीटर म्हणजे कुणासाठी पलंगापासून संडासापर्यंत एकट्याने जाऊन परत येणं.

आपला योग, पण कोणता

योगाला प्रयोगशाळेत तपासून पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते याच हेतूने, आणि तिथे क्ष-किरण व दाबमापकं वापरून आसनं-प्राणायामांचा अभ्यास झाला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, पट्टे, लोड वापरून अशक्त माणसालाही आसनात बसवण्याची पद्धत विकसित केली. श्वासाच्या रुग्णासाठी ती दुसरी गोष्ट अनमोल आहे, कारण खुर्चीवरचं भारद्वाजासन आणि जमिनीवरचं भारद्वाजासन यांत त्याच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रणदीप गुलेरिया यांच्या गटाने सीओपीडीच्या ६० रुग्णांचे दोन भाग केले, एका भागाला योग, दुसऱ्याला पुनर्वसन. १२ आठवड्यांनी धाप, चालणं आणि एकूण जगणं या बाबतींत दोघांनाही सारखाच फायदा झाल्याचं त्यांनी २०१५ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात योग करणाऱ्या वयस्क रुग्णांना चालताना धाप लागत होती, पण तिचा त्रास कमी वाटत होता. भीतीचा पदर सुटला की असं होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे "श्वासाचा त्रास आहे" म्हटलं की चार जण कपालभाती सुचवतात. टीव्हीवर, बागेत, सोसायटीच्या गच्चीवर, मिनिटाला साठ-सत्तर झटके. निरोगी माणसाने शिकून केलं तर त्याचं ठीक आहे. सीओपीडीत मात्र पोटाला झटका देऊन हवा बाहेर फेकली की तो दाब आधार गमावलेल्या नळ्यांवर बाहेरून पडतो आणि त्या आणखी मिटतात. वेगामुळे सोडण्याचा वेळ घटतो. म्हणजे हवा बाहेर जाण्याऐवजी आत साठत जाते. भात्यासारखे जोरदार श्वास घेण्या-सोडण्याच्या भस्त्रिकेचंही तसंच. श्वास रोखून धरण्याचा कुंभक तर टाळाच : रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड आधीच साठत असेल तर तो वाढतो, आणि फुप्फुसात हवेचे फुगे झालेले असतील तर दाबाने ते फुटण्याची भीती असते. ज्यांनी वर्षानुवर्षं कपालभाती केली आहे त्यांना हे पटायला जड जातं. पण आजाराची जातच सोडण्याच्या अडचणीची असताना, सावकाश सोडायला शिकवणारा प्राणायाम हवा. भ्रामरी किंवा लांबवलेला ॐकार, रोखून न धरता, हे काम फुंकरीसारखंच करतात. ओठ मिटून गुणगुणताना हवा हळूच, अडवत बाहेर जाते.

गाण्याचंही हेच आहे. इंग्लंडमध्ये फुप्फुसांच्या रुग्णांसाठी गाण्याचे खास वर्ग चालतात. तिथे शिकवतात ते म्हणजे ओळ संपेपर्यंत श्वास पुरवून सोडणं, सैल खांद्यांनी. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत बसणाऱ्या आजी-आजोबांना धाप लागायला लागली की ते घरी बसतात. मला वाटतं त्यांनी जाणं सोडू नये. टाळ खाली ठेवा, खुर्चीवर बसा, ओळीच्या मधे श्वास घ्यायची लाज बाळगू नका, पण हरिपाठ म्हणत राहा. फक्त उदबत्ती-धुपाचा धूर समोर नसावा एवढं मंडळाला सांगा.

रोजचा वीस मिनिटांचा व्यायाम

आधी डॉक्टरांना विचारा आणि एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. तातडीचा पंप हाताशी ठेवा. काहींना डॉक्टर व्यायामाआधी १०-१५ मिनिटं तो घ्यायला सांगतात. थंडीतल्या पहाटे बाहेर जाऊ नका, तेव्हा धूर आणि धूळ जमिनीलगत तरंगत असते. ऊन चढल्यावर, किंवा घरात, डासांची कॉइल न लावलेल्या खोलीत करा.

खुर्ची चाकं नसलेली आणि भिंतीला टेकवलेली हवी. बसा, पावलं जमिनीवर टेकवा, खांदे खाली सोडा, आणि पाच-सहा फुंकरी घाला. मग खांदे मागून गोल फिरवा, घोटे फिरवा. दोन्ही हात छातीसमोर आणा, श्वास घेत बाजूला उघडा, सोडत परत आणा. उजवीकडे वळताना श्वास सोडा, मध्यभागी येताना घ्या, मग डावीकडे. आता मुख्य काम : फुंकर घालत खुर्चीतून उभं राहा, थोडं थांबा, सावकाश बसा. पाच वेळा जमलं तर पुरे. पुढच्या आठवड्यात एक-दोन वाढवा. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहा, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे जरासे सैल, आणि शरीराचा भार हळूच उजव्या पायावर, मग डाव्या पायावर न्या. ताई चीचा गाभा हाच आहे. दोन मिनिटं पुष्कळ झाली. शेवटी शवासन, पण सपाट झोपून नाही. पाठीखाली लोड-तक्के लावून अर्धवट रेलून, गुडघ्यांखाली उशी घेऊन. पाठीवर सपाट झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि बऱ्याच जणांना ते सोसत नाही.

किती दमायचं? ० ते १० मध्ये धाप मोजा, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. ३ ते ४ वर राहायचं. एक पूर्ण वाक्य मधे न थांबता बोलता आलं पाहिजे. धाप अजिबात लागली नाही तर पायांना काम मिळालं नाही, हेही खरं. थोडी धाप ही व्यायामाची खूण आहे, आणि पाच मिनिटांत ती उतरते हे स्वतः अनुभवणं हा भीतीवरचा सगळ्यात चांगला उतारा.

हात वर नेण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण याचा उलगडा न झाल्याने बायका फार त्रास काढतात. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, अंगावर तांब्याने पाणी घेताना चालण्यापेक्षा जास्त धाप लागते, आणि घरच्यांना ते ढोंग वाटतं. ते ढोंग नाही. खांद्यांचे जे स्नायू श्वास ओढायला मदत करत होते, त्यांनाच हात उचलून धरण्याचं काम दिलं जातं. म्हणून हात डोक्यावर नेणारी आसनं सुरुवातीला नकोत, किंवा हात भिंतीवर टेकवून करावीत. वेणी घालायची तर टेबलावर कोपरं टेकवून, आंघोळ स्टुलावर बसून, कपड्यांची दोरी छातीच्या उंचीवर. खाली वाकतानाही पोट श्वासपटलावर दाबलं जातं, त्यामुळे पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन यांपासून दूरच राहा. चपलेचा पट्टा लावायचा तर पाय स्टुलावर ठेवा.

घरी ऑक्सिजन असेल तर व्यायामातही तो लावलेलाच हवा, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रवाहावर. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली, हृदय अनियमित धडधडलं तरी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलून पिवळा-हिरवा झाला, ताप आला, पायांवर सूज आली, तर ते दिवस व्यायामाचे नाहीत, दवाखान्याचे आहेत.

फुप्फुसं घट्ट होण्याचा आजार, म्हणजे फायब्रोसिस, वेगळा. कबुतरांच्या विष्ठेमुळे काहींना होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचा शेवटही पुढे त्यात होऊ शकतो. तिथे हवा अडकत नाही, फुप्फुसंच ताणली जात नाहीत. संथ हालचाली आणि पायांचा व्यायाम त्यांनाही हवाच, पण लांब फुंकरीवर त्यांनी फार जोर देऊ नये, आणि चालताना त्यांचा ऑक्सिजन झपाट्याने उतरतो म्हणून ऑक्सिमीटर लावूनच करावं. नावात 'फुप्फुसाचा आजार' असला तरी आपला कोणता ते आधी विचारून घ्या.

अचानक धाप लागली तर

घरातल्या प्रत्येकाने हे वाचावं. रुग्णाला आडवं करू नका. खुर्चीत बसवून पुढे झुकू द्या, कोपरं मांड्यांवर किंवा समोरच्या टेबलावर, उशीवर टेकलेली. हात टेकले की खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. खिडकी उघडा, भोवतालची गर्दी कमी करा, आणि हातातल्या छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर, नाका-गालांवर येऊ द्या. त्या वाऱ्याने धापेची जाणीव कमी होते हे अभ्यासांतही दिसलं आहे. समोर बसून स्वतः फुंकर घाला, म्हणजे तो तुमच्या लयीत येईल. त्या वेळी प्रश्न विचारू नका, बोलायलाही त्याला श्वास लागतो. तातडीचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, असेल तर स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) द्या. ऑक्सिजनचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांत त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड साठून गुंगी येते. पंप देऊनही दहा-पंधरा मिनिटांत धाप उतरली नाही, ओठ निळसर दिसले, माणूस झोपाळू किंवा बरळल्यासारखा झाला, तर वाट न पाहता १०८ ला फोन लावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला बसलेलाच ठेवा.